ठेवायची कोणती, टाकायची कोणती? लाखेच्या तबकड्यांचा हिशेब

जुन्या वाड्याचा पुनर्विकास ठरला, एखाद्या ग्रंथालयाची जागा बदलली, की माळ्यावरून ७८ गतीच्या तबकड्यांचा एक गठ्ठा हमखास खाली येतो. घरातील मंडळी तो दोन भागांत विभागतात : ओळखीची नावे एकीकडे, अनोळखी दुसरीकडे. पहिला भाग कपाटात जातो, दुसरा भंगारवाल्याकडे. इतिहासाच्या दृष्टीने ही वाटणी बहुतेक वेळा नेमकी उलटी असते, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लांबलेला धागा.

आरंभ वस्तूपासून करू. ज्याला आपण 'रेकॉर्ड' म्हणतो त्या जुन्या तबकडीचा प्राण म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर राहणारा एक सूक्ष्म कीटक ही राळ स्रवतो. छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातील आदिवासी ती खरवडून गोळा करत, पुढे ती शुद्ध करून तिचा चपडा होई आणि कोलकात्याच्या बंदरातून तो जगभर जाई. तबकडीत लाखेचे प्रमाण साधारण चौथा ते तिसरा हिस्सा. उरलेला भाग दगडाची भुकटी, कापसाचे तंतू आणि काजळी यांचा. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या नृत्यसंगीतातही झारखंडच्या जंगलाचा अंश होता, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ नोव्हेंबर १९०२ मधला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहरजानसह अनेकांचे गायन त्याने मुद्रित केले. तबकड्या छापण्याची सोय इथे नव्हती. मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तयार तबकड्या जहाजाने परत येत. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारते, ते आज ऐकताना गंमत वाटते. त्यामागचे एक कारण असे सांगतात, की हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणते लेबल लावायचे ते कळावे. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना निघाला, पुढे १९२८ च्या सुमारास तो दमदमला गेला. लाखेच्या तबकड्यांचे युग आपल्याकडे १९७० च्या आसपासपर्यंत रेंगाळले. पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक काळ.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवण्याची कसरत या पिढीने केली.

आता टाकण्याचा इतिहास. तोही या वस्तूइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात लाख युद्धसामग्रीसाठी हवी झाली आणि आशियातून होणारी वाहतूक धोक्यात आली. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने ध्वनिमुद्रिकांसाठी लाखेचा वापर आधीच्या सुमारे ३० टक्क्यांवर आणला. जुन्या तबकड्या गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. घराघरांतून आलेल्या तबकड्या भंगार म्हणून विकायच्या आणि त्या पैशांतून सैनिकांसाठी नव्या तबकड्या घ्यायच्या, अशी योजना होती. भंगारातल्या तबकड्या दळून त्यांचाच लगदा पुन्हा साच्यात जाई. देशभक्तीच्या भरात कोणी काय दिले, याची यादी कोण ठेवणार? लोकांनी अर्थातच जे 'जुने झाले', जे कोणी ऐकत नव्हते, ते दिले. थोडक्यात, त्या पिढीच्या आवडीने पुढच्या पिढीसाठी निवड केली.

आपल्या माळ्यावर हीच निवड आज पुन्हा होत आहे. बालगंधर्वांची तबकडी कोणी टाकत नाही. ती टाकावी असेही मी म्हणत नाही. पण त्या तबकड्या त्या काळी प्रचंड संख्येने खपल्या. त्यांच्या एलपी, ध्वनिफिती, सीडी निघाल्या आणि आज त्या महाजालावर सहज ऐकता येतात. तुमची प्रत नष्ट झाली तरी गाणे नष्ट होत नाही. याउलट, मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या 'यंग इंडिया' या मुद्रेखाली १९३५ पासून वीसेक वर्षे हौशी गायक, भाषणे, नाट्यप्रवेश असा कितीतरी ऐवज निघाला. कंपनी बंद पडली, पुनर्मुद्रण करणारे कोणी उरले नाही. अशा छोट्या मुद्रेची झिजलेली तबकडी तुमच्या हातात असेल, तर ती कदाचित शेवटची असेल. कोणाची? एखाद्या मेळ्यातील विनोदी संवादाची, एखाद्या गावच्या कीर्तनकाराची, किंवा दोनच तबकड्या काढून विस्मृतीत गेलेल्या बाईची.

या बायांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. आरंभीच्या दशकांत तबकडीवर गाणाऱ्या स्त्रिया बहुतांशी कलावंतीण, तवायफ, नायकीण परंपरेतल्या. घरंदाज घरातील स्त्रीने यंत्रासमोर गाणे शिष्टसंमत नव्हते. लेबलवर त्यांच्या नावापुढे 'बाई', 'जान' किंवा 'मिस' असते, आणि पुष्कळदा शेवटी गावाचे नाव. आडनाव नाही, जन्मसाल नाही. वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली नाही, त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत, आणि पुढे त्यांच्याच वंशजांना ती ओळख लपवावीशी वाटली. अशा कित्येकींचा उरलेला एकमेव कागद म्हणजे ते छोटे गोल लेबल, आणि एकमेव साक्ष म्हणजे ती तीन मिनिटे. 'हे नाव कोणी ऐकलेले नाही' हे वाक्य तबकडी टाकण्याचे कारण म्हणून उच्चारले जाते. माझ्या मते तेच ती ठेवण्याचे कारण आहे.

प्रसिद्धांच्या बाबतीतही तबकडीचा उपयोग कधी आडवळणाने होतो. अल्लादिया खाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांचे गायन तबकडीवर आपल्याला लाभलेले नाही. त्यांच्या गायकीचा अदमास घ्यायचा तर शिष्यांकडे जावे लागते : केसरबाई केरकर, मास्तर कृष्णराव, स्वतः बालगंधर्व. शिष्याची एखादी दुय्यम मानलेली तबकडी अशा वेळी गुरूविषयीचा पुरावा ठरते.

केसरबाईंचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आहे. तिची शिफारस झाली तेव्हा ती ध्वनिमुद्रिका बाजारात मिळेनाशी झाली होती. न्यूयॉर्कमध्ये बरीच शोधाशोध केल्यावर एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्या दुकानदाराने महिनाभर आधी आवराआवर केली असती तर? इतिहासात असे 'तर' विचारू नये असे आमचे प्राध्यापक सांगतात, पण हा मोह आवरत नाही.

आणखी एक टोकाचे उदाहरण. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या कैदेत पडलेल्या हिंदी सैनिकांचे आवाज बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फ छावणीत भाषाअभ्यासासाठी मुद्रित केले गेले. त्यांत मल सिंह नावाचा पंजाबी सैनिक आहे, तारीख ११ डिसेंबर १९१६. तो स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलतो. घरच्या लोण्याची आठवण काढतो, मायदेशी परतण्याची इच्छा सांगतो. संगीत नाही, कीर्ती नाही, बाजारभाव नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणासाठी भारतभर केलेली बोलींची मुद्रणेही याच जातीची. कोणत्याही माळ्यावर असती, तर ही तबकडी पहिल्याच फेरीत भंगारात गेली असती.

मग सारेच ठेवावे काय? नाही. दहा इंची तबकडीचे वजन साधारण २०० ग्रॅम धरले तरी हजार तबकड्या म्हणजे दोन क्विंटल. दोन खोल्यांच्या घरात हा भार कोणी सांभाळावा? शिवाय कोकण-मुंबईचा पावसाळा आणि बुरशी आहेच. एका संग्रहाच्या छाननीत हातभार लावताना मी ज्या तबकड्या निःशंक बाजूला काढल्या, त्यांत पन्नास-साठच्या दशकांतील गाजलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या चार-चार प्रती होत्या. बोथट सुयांनी खरवडून खाचा करड्या पडलेल्या होत्या, आणि गाणी सर्वत्र उपलब्ध. त्यांची दया येण्याचे कारण नाही. (दमदमला छापलेल्या बीटल्सच्या ७८ गतीच्या तबकड्यांना परदेशी संग्राहक भरपूर किंमत देतात, हे खरे. पण बाजारभाव आणि ऐतिहासिक मूल्य यांची गल्लत करू नये. ती विकून खुशाल चांगली सुई घ्या.)

'दुहेरी प्रत' हा शब्द मात्र जपून वापरावा. लेबल आणि खाचा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर एक क्रमांक कोरलेला किंवा उठवलेला असतो. तो मूळ मुद्रणाचा क्रमांक. लेबलवरचा विक्रीक्रमांक तोच असूनही हा क्रमांक वेगळा असेल, तर गायकाने तीच चीज दुसऱ्यांदा गायलेली असण्याची शक्यता आहे : वेगळी तान, वेगळी लय, क्वचित वेगळी साथ. तिरप्या उजेडात, भिंग घेऊन दोन्ही प्रती पाहिल्याखेरीज एकही टाकू नये. या पट्टीवरच्या आकड्यांवरूनच अभ्यासक मुद्रणाचा काळ लावतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थांतील संग्राहकांनी अशा नोंदी वर्षानुवर्षे हाताने केल्या, म्हणून आज आपल्याकडे याद्या आहेत.

तडा गेलेली तबकडीही लगेच मृत समजू नये. तडा असूनही ती काळजीपूर्वक वाजवून संगणकावर उतरवता येते, मग टकटक आवाज काढून टाकता येतो. अट एकच : ७८ गतीची रुंद सुई हवी, एलपीच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट रुंद. जुन्या पोलादी सुईने 'एकदा वाजवून बघू' म्हणणाऱ्या काकांना प्रेमाने थांबवावे. कायदाही बऱ्याच अंशी अनुकूल आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे लाखेच्या तबकड्यांपैकी बहुसंख्य त्यातून मुक्त झाल्या आहेत. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र वेगळे असतात, ते तपासावे लागतात.

तबकडी टाकलीच, तर तिचे पाकीट टाकू नका. त्या तपकिरी कागदावर दुकानाचा शिक्का असतो. कोणत्या गावात, कोणत्या पेठेत ग्रामोफोनचे दुकान होते, हे दुसरीकडे सहसा नोंदलेले नसते. कंपन्यांच्या मासिक याद्या आणि गाण्यांच्या चोपड्या सापडल्या तर त्या तबकड्यांहूनही आधी उचला. हे कागद जपणारे फार थोडे, म्हणून ते फार थोडे उरले.

एक तांत्रिक सूचना, कारण हा अपघात वारंवार घडतो. धूळ पुसण्यासाठी स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका. लाख मद्यार्कात विरघळते, आणि तिच्याबरोबर गाणेही. मऊ ब्रश, किंचित ओलसर सुती कापड, लेबलला पाणी न लागू देता. ठेवताना उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका.

आणि निर्णय होत नसेल तर घाई नको. आधी दोन्ही बाजूंच्या लेबलांची व त्या गुळगुळीत पट्टीची स्वच्छ छायाचित्रे काढा, क्रमांक वहीत उतरवा. कोणाच्या घरी 'यंग इंडिया', रामाग्राफ, ओडियन किंवा न ओळखता येणारी एखादी मराठी मुद्रा असेल, तर तिचे छायाचित्र या धाग्याखाली जरूर टाका. नाव वाचता येत नसले तरी चालेल, आकडे तेवढे दिसू द्या.