तयार धारेची कुऱ्हाड

घरांत एक लहान कुऱ्हाड आणावयाची म्हटली कीं दोन प्रश्न एकदम उभे राहतात : ती कोणत्या कामास घ्यावयाची आणि तिला किती पैसे मोजावयाचे. चुलीसाठीं ढलप्या काढावयाच्या आणि त्याच हत्यारानें एखादा डाव किंवा खुंटी तासावयाची, अशी अपेक्षा असली म्हणजे निवड अधिकच अवघड होते. जळण फोडणाऱ्या कुऱ्हाडीचे गाल फुगीर लागतात; पाचरीप्रमाणें लांकडांत शिरून ती त्याच्या फाका करते. तासणीच्या कुऱ्हाडीचें पातें उलट पातळ लागतें; कित्येक कारागीर तर एक बाजू सपाट ठेवून दुसऱ्याच बाजूनें धार काढतात. दोन्ही कामें एकाच पात्याकडून घेणारास तडजोड पत्करणें भाग आहे. त्यांत ती स्वस्तही हवी! ही स्वस्ताई कुऱ्हाडीस कशी आली आणि तिची किंमत कोणीं भरली, याचा एक बोधप्रद इतिहास अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत सांपडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिकडील शेतकऱ्याचें सारें जीवित कुऱ्हाडीवर अवलंबून असे. रान तोडणें, घर उभारणें, हिवाळ्याचें सरपण सांठविणें, सर्व तिच्याच बळावर. ती घडवी गांवचा लोहार. मऊ लोखंडाची पट्टी मध्यें दुमडून दांड्यासाठीं नेढें करावयाचें, दोन्ही टोंकांच्या मध्यें पोलादाची चीप घालावयाची आणि तापवून घणाखालीं सर्व एकजीव करावयाचें. पोलाद महाग, म्हणून तें धारेपुरतेंच. गिऱ्हाइकाच्या हातीं पडे तें मात्र बोथट पातें. धार ज्यानें त्यानें आपल्या घरीं दगडावर घासून काढावयाची. पोलादास पाणी नीट बसलें आहे कीं नाहीं, हें पुष्कळदां ती मेहनत झाल्यावरच कळे.

१८२६ सालीं सॅम्युएल कॉलिन्स, त्याचा भाऊ डेव्हिड आणि विल्यम वेल्स नांवाचा त्यांचा एक आप्त यांनीं फार्मिंग्टन नदीच्या कांठीं एक जुनी पिठाची गिरणी घेऊन तेथें कुऱ्हाडींचा कारखाना घातला. सॅम्युएल तेव्हां पंचविशीच्या आंतच होता. दुकानांतून उचलावी आणि तशीच कामास लावावी, अशी धार काढलेली कुऱ्हाड विकावयाची, ही त्यांची कल्पना. गोष्ट साधी दिसते. पण शेतकऱ्याचा वेळ वांचविणारा माल तो दोन पैसे अधिक देऊनही घेतो, हें त्यांनीं बरोबर हेरलें होतें. कारखान्याभोंवतीं वस्ती वाढली आणि तिचें नांवच कॉलिन्सव्हिल पडलें.

१८३२ सालीं एलिशा रूट हा यंत्रज्ञ तेथें कामास लागला. हा माणूस मोठा कल्पक. तापलेलें लोखंड सांच्यांत दाबून आकार देणें, नेढें दुमडून करण्याऐवजीं यंत्रानें आरपार पाडणें, अशा युक्त्या त्यानें काढल्या आणि घणकऱ्याचें काम पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्राकडे गेलें. १८४९ सालीं तो हार्टफोर्ड येथील कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यांत गेला, तो हीच विद्या घेऊन.

परंतु तयार धार कोणीतरी काढावीच लागे. प्रचंड वाळूदगड गरगर फिरत असत आणि त्यांच्यापाशीं बसून माणसें दिवसभर पातीं घाशीत. दगडाची सूक्ष्म धूळ श्वासाबरोबर छातींत जाई, खोकला लागे, दम लागे आणि कर्तें माणूस ऐन उमेदींत अंथरुणास खिळे. यास ‘घासणाऱ्यांचा क्षय’ म्हणत. पात्याचे गाल दगडावर न घासतां पोलादी हत्यारानें तासून काढणारें यंत्र रूटनें केलें, तेव्हां हें संकट कांहींसें हलकें झालें. नाहींसें झालें नाहीं. १९२० सालींसुद्धां येल विद्यापीठाचे विन्स्लो यांना एका कुऱ्हाडींच्या कारखान्यांतील धुळीचा शास्त्रीय अभ्यास करावा लागला, यावरून तें किती चिवट होतें हें दिसतें. स्वस्त मालाचा जमाखर्च मांडतांना ही बाजू बहुधा कोऱ्या पानावरच राहते.

कॉलिन्सच्या शिक्क्यास इतकी पत आली कीं इंग्लंडांतील कारखानदार तोच शिक्का मारून आपला माल खपवूं लागले. कंपनीनें लंडनच्या न्यायालयांत दाद मागितली आणि परदेशी व्यापाऱ्यासही अशा लबाडीविरुद्ध येथें दाद मागतां येते, असें १८५७ सालीं ठरलें. त्याच वर्षीं जॉन ब्राउन यानें कॉलिन्सव्हिलच्या एका लोहाराकडे सुमारें हजार भाले दर नगास एक डॉलर या भावानें सांगितले. १८५९ च्या हार्पर्स फेरीच्या उठावांत ते गुलामांच्या हातीं द्यावयाचे होते.

कारखाना १९६६ सालीं बंद पडला. पण त्याचीं पातीं अद्याप तिकडील जुन्या बाजारांत थोडक्या पैशांत मिळतात, आणि जाणता गिऱ्हाईक नव्या चकचकीत कुऱ्हाडीकडे पाठ फिरवून तींच चाळतो. प्रथम तो मागचें डोकें पाहतो. त्यावर हातोडे मारून तें चेपलें असेल तर नेढें फांकलेलें असण्याचा संभव असतो. मग धार. शिक्का कितीही स्वच्छ असो, घासतां घासतां पोलादाची पट्टी संपून मागचें मऊ लोखंड उघडें पडलें असेल, तर तें पातें तो परत ठेवतो. तें निभावलें तर हिकरीचा नवा दांडा, ज्याचे रेषे शेवटपर्यंत सरळ गेले आहेत असा, निवडून तो नेढ्यांत ठोकून बसवितो.