खाडीचा जिताडा, तळ्याचा जिताडा आणि दोन नावांचा ट्राउट

आजचा एपिसोड माशावर आहे, पण रेसिपी नाही.

मी राहतो मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये. रविवारी बाजारात मावशींनी विचारलं, "जिताडा खाडीचा देऊ की तळ्याचा?" आई पेणची, त्यामुळे तिच्या मते जिताडा म्हणजे तळ्याचाच. मला मात्र प्रश्न पडला, हे दोन वेगळे मासे आहेत का?

नाहीत. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतली पिल्लं पकडून गावतळ्यात सोडायची जुनी पद्धत आहे. मासा एकच, फक्त पत्ता बदलला.

ट्राउटच्या बाबतीत हे समजायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून जास्त लागली. काही ट्राउट जन्मभर ओढ्यातच राहतात, लहान आणि ठिपकेदार. काही समुद्रात जातात, चंदेरी होतात, खाऊन-पिऊन दांडगे होतात आणि अंडी घालायला नदीत परततात. दिसायला इतके वेगळे की 1758 मध्ये लिनियसने युरोपातल्या ट्राउटला एकाहून जास्त नावं दिली. अमेरिकेतही तेच. समुद्रातून परतणाऱ्या स्टीलहेडला 1836 मध्ये रिचर्डसनने एक नाव दिलं, तर 1855 मध्ये गिबन्सने कॅलिफोर्नियाच्या ओढ्यातल्या लहान माशांना दुसरं. आज दोन्ही एकाच नावाखाली येतात, ऑन्कोरिंकस मायकिस. कोडमध्ये एकाच गोष्टीला दोन व्हेरिएबल ठेवले की काय गोंधळ होतो, ते आम्हाला विचारा.

या गोष्टीत आपल्याकडचा एक माणूस येतो. फ्रान्सिस डे, मद्रास आर्मीतला डॉक्टर. 1863 मध्ये त्याने निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे 1875 ते 1878 दरम्यान त्याचा 'द फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ आला, त्यात आपला जिताडाही आहे. मग इंग्लंडला परतल्यावर 1887 च्या पुस्तकात त्याने ठामपणे लिहिलं, की ब्रिटनमधला समुद्री ट्राउट आणि नदीचा ट्राउट ही एकच जात आहे. तेव्हा जनुकं कोणाला माहीत होती! नुसते मासे निरखून हा निष्कर्ष. मला तर हा माणूस जाम आवडला.

आता जनुकं माहीत आहेत. 2019 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की स्टीलहेडच्या पाचव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो आणि मासा जाणार की राहणार, यात त्याचा मोठा हात असतो. पण सगळं त्याच्याच हातात नाही. पाणी किती, खाणं किती, नर की मादी, हेही ठरवतं. माद्या जास्त जातात, कारण मोठं अंग म्हणजे जास्त अंडी. राहणाऱ्या आईची पिल्लंसुद्धा समुद्राकडे निघू शकतात.

कायद्याला मात्र हे झेपलं नाही. 2006 मध्ये अमेरिकेने संरक्षणाच्या यादीत समुद्रात जाणारा स्टीलहेड ठेवला आणि त्याच नदीत राहणारा भाऊ बाहेर ठेवला.

जिताड्यातही अशी दोन बिऱ्हाडं असतात. ऑस्ट्रेलियात माशाच्या कानातल्या खड्यासारख्या कणाचं रसायन तपासलं. ती त्याची लॉग फाइलच म्हणा ना. काही जिताडे वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहिलेले निघाले, काही तिकडे कधी गेलेच नव्हते.

पण एक मोठा फरक आहे. ओढ्यातला ट्राउट ओढ्यातच अंडी घालतो. जिताड्याला त्यासाठी खारं पाणीच लागतं. तळ्यात तो कितीही माजला तरी तिथे त्याची पुढची पिढी होत नाही. म्हणजे तळं भरलेलं दिसतं, ते खाडीच्या जिवावर.

मामा म्हणतो, "पूर्वी पाग टाकला की पिल्लं मिळायची, आता विकत आणावी लागतात." चेन्नईच्या सीबा या सरकारी संस्थेने 1997 मध्ये जिताड्याची हॅचरीत पैदास केली, त्यामुळे निदान विकत तरी मिळतात.

मी त्या रविवारी खाडीचा घेतला. आईने साफ करताना नाक मुरडलं, पण जेवताना डोकं मात्र तिनेच घेतलं.