खैरियत

वर्ध्याजवळच्या पवनारला १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी भाषण केलं आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. मागणी साधी होती: इंग्रजांच्या लढाईला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका. पैशाचं समजतं. पण 'माणसं' म्हणजे कोण? ऐकणाऱ्यांतल्या पोक्त मंडळींना आधीचं युद्ध आठवत असणार. त्या वेळी दहा लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार गेली होती.

मराठा पलटणी म्हटलं की आपल्याला मावळे दिसतात. पण १९१४ च्या मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, हे आपल्या घरांतसुद्धा फारसं कुणी सांगत नाही. १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकात कूत इथे वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, मग उपासमार, अखेर घोडे खाल्ले, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे वाळवंटातून पायपीट, त्यात कितीतरी कैदी मेले. समोर फौज तुर्कांची, म्हणजे खलिफाची. दखनी शिपायाच्या मनात काय चाललं असेल, ते त्यानं खतात लिहिणं शक्यच नव्हतं.

कारण नवराबायकोचं खत दोघांचं नसायचंच. बहुतेक शिपाई निरक्षर. लिहून देणारा दुसराच. वाटेत सेन्सॉर. घरी बायकोलाही वाचता येत नसे, मग पोस्टमन किंवा शाळामास्तर मोठ्यानं वाचणार, सासूसासरे ऐकणार. अशा खतात प्रेम कुठे लिहिणार? फ्रान्समधल्या फौजेच्या खतांचे सेन्सॉरनं केलेले तर्जुमे लंडनला जपलेले आहेत. गोरे सैनिक म्हणजे लाल मिरची, हिंदी म्हणजे काळी मिरी, अशी सांकेतिक भाषा त्यांत सापडते. बायकांची खतं त्या मानानं फार थोडी.

वर्गात उर्दू खताचा जुना मायना शिकवताना मुलं हसतात. सलाम, मग इथली खैरियत, मग तिथल्या खैरियतीची दुआ. मजकूर काय तर काहीच नाही! पण मला वाटतं, तेव्हाच्या बाईला तेवढाच मजकूर हवा होता. खत आलं म्हणजे नवरा जिवंत, आपण सुहागन.

आणि खत थांबलं तर? मय्यत नाही, तलाक नाही, म्हणून इद्दतही नाही. हनफी फिकहनुसार बेपत्ता नवऱ्याच्या बायकोनं त्याच्या वयाची माणसं जग सोडून जाईपर्यंत थांबायचं. काहींनी नव्वद वर्षांचा हिशेब दिला. मालिकी मतानं चार वर्षं. मौलाना अशरफ अली थानवींनी १९३१ च्या सुमारास 'अल-हीलतुन नाजिझा' लिहून या मालिकी मताचा आधार घ्यायची वाट दाखवली. तोवर कूतला पंधरा वर्षं उलटली होती. बसऱ्याच्या स्मारकावर कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, नुसता आकडा. त्या आकड्यातल्या कुणाची बायको कुठल्या गावात किती वर्षं पोस्टमनकडे बघत होती, याची नोंद ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

मुस्लिम विवाह विच्छेद कायदा मार्च १९३९ मध्ये झाला. त्यातलं पहिलंच कारण: नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसणं. सहा महिन्यांनी, सप्टेंबरात, दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पलटणींची भरती पुन्हा जोरात सुरू झाली.