कुलवृत्तांतातील स्त्री : नोंद आणि मौन

विसाव्या शतकात महाराष्ट्रात, विशेषतः चित्पावन घराण्यांत, कुलवृत्तांत छापून काढण्याची परंपरा रुजली. या ग्रंथांचा कणा म्हणजे वंशावळ. तिचा धागा पुत्रांतून पुढे सरकतो. कन्येच्या नोंदीत बहुधा सासरचे नाव नि गाव येते आणि धागा तेथेच खुंटतो. विवाहानंतर स्त्रीचे आडनावच नव्हे, तर नावही बदलण्याची रूढी असल्याने एकच व्यक्ती दोन कुळांच्या दप्तरांत दोन नावांनी विभागली जाते.

कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली, गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई टिळक. ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ (१९१०) आणि ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३७) लिहिली गेली, म्हणून या दोघींच्या जीवनाची सलगता वाचकास उमगते. ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांच्यासाठी माहेरच्या ग्रंथातील ‘कन्या’ आणि सासरच्या ग्रंथातील ‘भार्या’ यांची सांगड घालावी लागते. तिथी-सनांच्या कोरड्या नोंदी अशा जुळल्या, की विवाहाचे कोवळे वय, अकाली गेलेली अपत्ये, वैधव्याची दीर्घ वर्षे यांचा क्रम दिसू लागतो.

मात्र ज्या जातिसमूहांतील घराण्यांना असे वृत्तांत छापणे शक्य झाले नाही, तेथील स्त्रियांच्या वाट्याला ही दुभंगलेली नोंदही आली नाही. सामान्य स्त्रीचे विस्मरण हा अपघात नव्हे. ते नोंदीच्या घाटातच अनुस्यूत आहे. म्हणून संशोधकाने त्या मौनात कल्पनेचे रंग भरण्याआधी तो घाट वाचावयास हवा.