माज
गाय, म्हैस, शेळी यांसारख्या मादी जनावरांत संयोगाची इच्छा जागी होण्याचा काळ. 'गाय माजावर आली' हा रूढ प्रयोग. नंतर तिला वळू दाखवतात; संयोग झाला की 'गाय फळली' म्हणतात आणि गर्भ राहिला की ती 'गाभण' (सं. गर्भिणी).

शब्दाचे मूळ संस्कृत मद् या धातूत आहे. 'माद्यति'चे प्राकृतात 'मज्जइ' झाले, त्यावरून मराठी 'माजणे'. 'द्य'चा 'ज' होण्याची ही वाट ओळखीची आहे : अद्य, अज्ज, आज. हत्तीचा 'मद'ही त्याच धातूचा.

गाईचा माज साधारण 21 दिवसांनी फिरून येतो आणि जेमतेम दिवसभर टिकतो. ती हंबरते, चारा टाकते, दुसरी गाय अंगावर चढली तरी हलत नाही. योनीतून काचेसारखा चिकट स्राव लोंबतो. म्हशीत ही लक्षणे मंद असतात. तोच 'मुका माज', आणि गोठ्यात खरी फसगत त्याचीच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, असा पशुवैद्यकातला प्रघात आहे.

माणसाला लावला की हा शब्द शिवीच्या जवळ जातो : 'पैशाचा माज', 'माजोरी', 'माजोरडा'. तिथे कामेच्छा उरत नाही, नुसता उन्मत्तपणा उरतो.