रडारपासून चहाच्या कपापर्यंत

रामदासपेठेत संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी महाविद्यालयातल्या मुलांची गर्दी होते. चहा पिऊन व्हायला पाच मिनिटे लागतात. मग कप टोपलीत, नाहीतर टोपलीच्या आसपास पडतो. कप कागदी आहे, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पण गरम चहा ओतूनही हा कागद भिजत कसा नाही?

उत्तरासाठी १९३३ सालाकडे जावे लागते. नागपूर विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे रसायनशास्त्रज्ञ प्रचंड दाबाखाली एथिलीन वायूची बेन्झाल्डिहाइडशी अभिक्रिया घडवू पाहत होते. ती घडली नाही. पण उपकरणात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. एथिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबलचक साखळ्या तयार झाल्या होत्या. हेच पॉलिएथिलीन.

ते पाणी शोषत नाही, वीज वाहू देत नाही, सहजी कुजत नाही. या गुणांमुळे दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलींना त्याचे वेष्टन दिले गेले. तेव्हा ती जपून वापरायची वस्तू होती. १९५३ मध्ये कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली पॉलिएथिलीन बनवण्याची रीत शोधली. १९६५ मध्ये स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला स्टेन थुलिन यांच्या बंदांच्या पिशवीचे अमेरिकी पेटंट मिळाले. थुलिन स्वतः अशी पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा वापरत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे.

एकदाच वापरून टाकणे आपल्याला नवे नाही. विदर्भात पळसाच्या पत्रावळीवर पंगती उठत आल्या आहेत. पण पानातील सेल्युलोज पचवणारी विकरे सूक्ष्मजीवांकडे असतात. पॉलिएथिलीनच्या साखळ्या तोडणे त्यांना फार अवघड जाते. खोट पदार्थात नाही. वर्षानुवर्षे टिकणारा पदार्थ आपण पाच मिनिटांच्या कामाला लावला, चूक तिथे आहे.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये एकदा वापराच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१९ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना अशा वस्तू आवारातून हटवण्यास सांगितले. प्लॅस्टिकचा कप गेला, कागदी आला. त्याच्या आतल्या बाजूला बहुधा पॉलिएथिलीनचाच थर असतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने असे थर दिलेले कपही बंदीत आणले. तरी ते दिसतातच.

याचे कारण साधे आहे. फेकायच्या कपाने काचेच्या ग्लासाबरोबरच तो विसळणारा माणूस, नळ आणि मांडणीही हटवली. उपाहारगृहात ही व्यवस्था परत आणली नाही, तर एका बंदीनंतर दुसरी बंदी घालत बसावे लागेल.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. वापरलेला कागदी कप फाडून रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी विद्यार्थ्यांना लगदा चोळून काढायला सांगा. हातात एक पातळ, पारदर्शक पापुद्रा उरेल. मग त्यांनाच विचारा, आपल्या शाळेत ग्लास विसळायची जागा कुठे करता येईल?