बीपी मोजण्याची दोनशे नव्वद वर्षं

स्टीफन हेल्स हे लंडनजवळच्या टेडिंग्टन गावचे पाद्री. चर्चची कामं सांभाळून झाडाच्या अंगातला रस किती जोराने वर चढतो हे मोजणं हा त्यांचा नाद. तोच प्रश्न त्यांनी रक्तालाही विचारला. एका डिसेंबरात त्यांनी कामातून गेलेली, नाहीतरी मारलीच जाणार असलेली एक घोडी उताणी पाडून बांधली, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. धमनीवरची गाठ सैल करताच रक्त काचेतून वर चढत गेलं आणि हृदयाच्या पातळीपासून आठ फूट तीन इंचांवर पोचलं. तिथेही ते स्वस्थ नव्हतं. प्रत्येक ठोक्याला काही इंच वर, काही इंच खाली होत होतं.

१७३३ मध्ये हेल्स यांनी हे सगळं पुस्तकात छापलं. नाडी जोरात आहे की मंद, हे जगभरचे वैद्य शतकानुशतकं बोटांनी ओळखत आले होते, पण त्या जोराला आता पहिल्यांदाच आकडा मिळाला. प्रयोग संपेपर्यंत घोडी मात्र मेली होती.

नऊ फुटांची नळी आटोक्यात आणली ती पाऱ्याने. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. हेल्स यांचा रक्ताचा स्तंभ पाऱ्यात मोजला असता तर जेमतेम वीस सेंटिमीटर भरला असता. १८२८ मध्ये पॅरिसच्या प्वाझय यांनी इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या नळीत पारा भरून प्राण्यांच्या धमनीतला दाब मोजला आणि पाऱ्याचं मिलिमीटर हे एकक रुळलं. आज घरातल्या प्लास्टिकच्या यंत्रात पाऱ्याचा थेंबही नसतो, तरी पडद्यावर उमटणारे १२० आणि ८० हे पाऱ्याचेच मिलिमीटर असतात. माणसाचा दाब थेट मोजण्याची संधी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात फेव्र या शल्यचिकित्सकाला मिळाली. अवयव कापण्याची शस्त्रक्रिया चालू असताना त्यांनी धमनीला पाऱ्याची नळी जोडली. आकडा आला १२०.

पण निव्वळ तपासणीसाठी कोणाची धमनी कापणार? यावरचा तोडगा फार साधा निघाला. रक्ताचा दाब बाहेरून कळत नसेल, तर बाहेरून उलटा दाब द्यायचा आणि रक्त कधी अडतं ते बघायचं. १८८१ मध्ये व्हिएन्नाचे फॉन बाश यांनी पाण्याने भरलेला रबरी फुगा मनगटावर दाबून हे केलं. १८९६ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या शिपिओने रीवा-रोत्ची यांनी फुग्याऐवजी दंडाभोवती गुंडाळायचा पट्टा आणला. त्यांच्या यंत्रात सायकलच्या टायरची आतली ट्यूब होती. ट्यूबमध्ये हवा भरत जायची, मनगटावरची नाडी लागेनाशी झाली की पारा वाचायचा. त्यांचा पट्टा फार अरुंद होता, त्यामुळे आकडा वाजवीपेक्षा जास्त यायचा. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउजेन यांनी तो रुंद केला. दवाखान्यातला आजचा पट्टा त्याच घराण्यातला.

त्याच वर्षी हार्वे कुशिंग हे अमेरिकी शल्यचिकित्सक इटलीतल्या पाविया इथे गेले होते. तिथल्या रुग्णालयात त्यांनी रीवा-रोत्चींचं यंत्र बघितलं आणि ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेलं. सराईत बोटांनी नाडी बघणाऱ्या अनेक डॉक्टरांना अशा यंत्राची गरज पटत नव्हती.

रीवा-रोत्चींच्या पद्धतीत फक्त वरचा आकडा मिळायचा. खालचा मिळाला तो कानांमुळे. निकोलाय कोरोतकोव हे रशियन सैन्याचे तरुण डॉक्टर. रुसो-जपानी युद्धातल्या जखमींच्या फाटलेल्या रक्तवाहिन्या तपासताना स्टेथोस्कोप लावून ऐकायची त्यांना सवय झाली होती. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांनी जेमतेम पानभर निवेदन मांडलं. पट्ट्याने धमनी पूर्ण दाबली की कोपराच्या खोबणीत काही ऐकू येत नाही. पट्टा सैल करत गेलं की रक्त शिरायला लागताच ठोके ऐकू येतात, आणि धमनी पूर्ण मोकळी झाली की ते पुन्हा नाहीसे होतात. पहिला ठोका म्हणजे वरचं बीपी, आवाज संपतो ते खालचं.

या आकड्याचं मोल सर्वात आधी ओळखणाऱ्यांत विमा कंपन्या होत्या. नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या अमेरिकी कंपनीने १९०७ मध्ये अर्जदारांचं बीपी बघायला सुरुवात केली. दाब जास्त असलेले लोक लवकर मरतात, हे त्यांच्या वह्यांत दिसू लागलं. तरी औषध हाती नव्हतं. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३०० आणि १९० असल्याची नोंद आहे.

इथे मुंबईचा संबंध येतो. सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो, असं कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. परळच्या केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या आकड्यांची चढउतार टिपली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांनी या मुळीची दखल घेतली. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. औषध गुणकारी आहे की नाही, हे आता पाऱ्याची पट्टी सांगत होती.

सत्तरच्या दशकात स्वयंचलित यंत्रं आली. त्यांत कान लागत नाही. पट्टा सैल होताना त्यातल्या हवेला ठोक्यागणिक बारीक हिसके बसतात; ते सर्वात मोठे असतात तेव्हा धमनीतला सरासरी दाब मिळतो, आणि वरचा-खालचा आकडा यंत्र आपल्या गणिताने काढतं. आकडा आडवळणाने मिळू लागला, पण दाबाला दाब देणं सुटलं नव्हतं.

जून २०१४ मध्ये तेही सोडून देणारं उत्पादन बाजारात आलं. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं पाच डॉलरच्या आतलं एक अ‍ॅप आलं. फोनची कड छातीवर डावीकडे टेकवायची, कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, आणि बीपी तयार. साधारण चौदा महिन्यांत १ लाख ४८ हजारांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. कॅमेऱ्याला काही दिसतच नाही असं नव्हे. फ्लॅशच्या उजेडात बोटातलं रक्त ठोक्यागणिक कमीजास्त प्रकाश शोषतं, म्हणून नाडीचे ठोके फोनला नीट मोजता येतात. पण किती रक्त आलं हे कळलं म्हणून ते किती दाबाने आलं हे कळत नाही. धमन्या ताठर आहेत की लवचिक, बोट गार आहे की उबदार, यावर तीच लहर वेगळी दिसते.

जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनी ८५ जणांवर हे अ‍ॅप तपासलं. २०१६ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की जास्त दाब ते कमी दाखवत होतं आणि कमी दाब जास्त. उच्च रक्तदाबाच्या पातळीत असलेल्या ७७.५ टक्के लोकांना त्याने सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. तोवर अ‍ॅप विक्रीतून गेलेलं होतं; त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ते बनवणाऱ्या कंपनीवरचं प्रकरण तडजोडीने मिटवलं.

त्यानंतरचे काही प्रयत्न पुन्हा दाबण्याकडे वळले. २०१८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रामकृष्ण मुक्कमला यांच्या गटाने फोनला जोडलेल्या सेन्सरवर बोट हळूहळू जास्त जोराने दाबायला लावून बीपी काढलं. सॅमसंगच्या घड्याळातल्या बीपीच्या अ‍ॅपला २०२० मध्ये दक्षिण कोरियात मान्यता मिळाली, पण दर २८ दिवसांनी दंडाच्या पट्ट्याशी त्याचा मेळ घालावा लागतो. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने फोनच्या कॅमेऱ्यावर बसणारी, स्प्रिंग असलेली प्लास्टिकची क्लिप दाखवली. साहित्याचा खर्च ८० सेंट. बोटाने स्प्रिंग दाबली की कॅमेऱ्यातल्या लाल ठिपक्याच्या आकारावरून जोर कळतो आणि उजळपणावरून रक्त. ही क्लिप २४ जणांवर तपासली गेली. बीपीच्या यंत्रांसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान ८५ जण लागतात.